आपले फुटबॉलपटू छेत्री, बायचुंग, विजयन, ब्रूनो… तुम्ही कोणाला मैदानात पाहिलंय? अनुभव लिहा

लेकीने काल जेवताना विचारलं, "बाबा, छेत्री मोठा की बायचुंग?" आणि मला २०१८चं अंधेरी आठवलं. भारताने चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) ५-० हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणसं! मग त्याने व्हिडिओ टाकून लोकांना मैदानात यायची विनंती केली. पुढची मॅच केनियाशी, त्याची भारताकडून शंभरावी. तिकिटं संपली. बायचुंग १९९९मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडून खेळायला गेला तेव्हा असा व्हिडिओ टाकायला कुठे सोय होती? माझ्या मते छेत्रीचे गोल जास्त, पण वाट बायचुंगने पाडली. तुमचे अनुभव सांगा.

अंधेरीकर: मी होते त्या केनियाच्या मॅचला!! काय पाऊस! बॉल चिखलात अडकत होता. शेवटी शेवटी छेत्रीने गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचलून टाकला ना, शेजारच्या अनोळखी काकूंना मी मिठीच मारली. छत्री त्यांचीच होती. बाकी नंतर, कुकर लावलाय.

फातोर्डा: ब्रूनोला शेवटी का टाकलंत? गोव्याच्या साळगावकर क्लबचा ब्रूनो कुतिन्हो, भारताचा कॅप्टन, २००१चा अर्जुन पुरस्कार. पप्पांबरोबर मॅचला जायचो. बॉल त्याच्या पायात आला की सगळं स्टॅंड उभं. आमचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर, त्यांना पद्मश्री २०२२मध्ये मिळाली, खेळणं थांबवल्यावर इतक्या वर्षांनी. तेव्हा आजच्यासारखे कॅमेरे असते तर घराघरात नाव असतं. आणि छेत्री आमच्या धेंपो आणि चर्चिल क्लबकडूनही खेळलाय हां.

त्रिशूरची सून: सासरी विजयनपुढे कोणाचं नाव काढायची सोय नाही 😄 लहानपणी ज्या स्टेडियममध्ये सोडा विकला, तिथूनच वर आला. सासरे अजून डोळ्यांत पाणी आणून सांगतात.

पेठेतला: भावांनो, आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला या एकदा. पाटाकडील विरुद्ध खंडोबा, आमच्या तालमींची मॅच असली की पेठेत चूल पेटत नाही. आमचा अनिकेत जाधव २०१७चा अंडर-१७ वर्ल्डकप खेळला, तेव्हा मोठा पडदा लावून बघितलेला.

मीनल_: बायकांचं कोणीच लिहीत नाही. बाला देवी २०२०मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडून खेळायला गेली. छेत्रीच्या तोडीची गोल मारणारी, आणि आमच्या सोसायटीत एकालाही नाव माहीत नाही. फार लागतं मनाला.

अंधेरीकर: मीनल, अगदी खरं. लेकीला आजच तिचे व्हिडिओ दाखवते.

कूपरेज: मुंबईची महिंद्र युनायटेड २०१०मध्ये बंद झाली आणि माझं कूपरेज मैदानावर जाणंच सुटलं. २००५-०६ची नॅशनल लीग जिंकलेली टीम हो! आणि नेव्हिल डिसोझा आपल्या मुंबईचा, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक. त्याला कोण ओळखतं आज?

पेठेतला: दादा, नेव्हिलवर वेगळं सविस्तर लिहा की.

मीनल_: पेठेतला, पोराला मातीच्या ग्राउंडसाठी बूट घ्यायचेत. कसले घेऊ?

पेठेतला: रबरी स्टडचे घ्या ताई. वाढत्या पायाचे म्हणून मोठे घेऊ नका, टाच सोलते.