व्हीएफएक्समधून (सिनेमातले व्हिज्युअल इफेक्ट्स) इलस्ट्रेशनकडे वळतेय, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, मी मुंबईत कंपोझिटर आहे, म्हणजे वेगवेगळे थर जोडून एक शॉट बनवणारी, दिवसभर न्यूक सॉफ्टवेअरमध्ये रोटो (फ्रेमगणिक आकृती कापून वेगळी करणं) नि ग्रीन स्क्रीनच्या कडा साफ करणं, आता इलस्ट्रेशन-ग्राफिक डिझाइनची कामं पण घ्यायचीयेत आणि पहिलंच आलंय ते दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. लाइट, डेप्थ जमतं हो, पण आमचं सगळं आरजीबीत (स्क्रीनचे रंग), सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) केलं की झगझगीत निळा पार मरतो, मग सुरुवातच सीएमवायकेत करायची की शेवटी प्रेसचं कलर प्रोफाइल लावायचं? (इलस्ट्रेटरमध्ये जोडाक्षरं तुटत होती, वर्ल्ड-रेडी कंपोझर हे मजकुराचं सेटिंग लावल्यावर नीट झाली.) आणि मेन म्हणजे पैसे! आम्हाला महिन्याचा पगार माहीत, तुम्ही चित्रामागे कोट कसं देता, वापराचे हक्क वेगळे लावता का? पोर्टफोलिओत जुने शॉट टाकावेत का, एनडीए (गुप्ततेचा करार) आहेच डोक्यावर.