मदत हवी आहे: माझ्या फँटसी कादंबरीतलं बंडखोर मंडळ नुसतं बोलत बसलंय

कोरडीशाई

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं एक फँटसी कादंबरी लिहितेय. 11 प्रकरणं झाली आणि गाडं रुतलं.

जग थोडक्यात असं: डोंगरांनी वेढलेलं पठार, सगळ्या खिंडी सम्राज्ञीच्या ताब्यात. पठारावरचं राजघराणं संपलंय आणि युद्धाचं तिसरं वर्ष चालू आहे. नऊ जणांचं मंडळ बंद पडलेल्या मिठाच्या खाणीतून राज्य चालवतं. त्यात दोन सरदार, मिठाचा एक व्यापारी, खाणकामगारांची म्होरकी, धुकं बांधणारी एक बाई (आमच्याकडची जादू ती एवढीच), एक पुजारी आणि तीन गावांचे पाटील. सहा जण आपापल्या मुलखात असतात, पण जादूच्या आरशांतून रोज बोलणं होतं.

अडचण अशी की बैठकीचं प्रत्येक दृश्य सारखंच होतंय. कुणीतरी मेजावर मूठ आपटतो, कुणीतरी "गद्दार!" म्हणतं, मग पाच विरुद्ध चार मतं आणि प्रकरण संपलं.

शेवटी आत्याला वाचायला दिलं. फँटसी वगैरे तिच्या गावीही नाही. तिनं कडेला पेन्सिलीनं एकच ओळ लिहून परत दिलं: "ही माणसं जेवतात काय? आणि भाकरी कोण थापतं?" आमचं मूळ गाव कुंडलच्या पट्ट्यातलं. इंग्रजांविरुद्धच्या पत्री सरकारच्या दिवसांत आत्याची आजी भूमिगतांसाठी पहाटे धूर दिसायच्या आत भाकऱ्या उरकायची आणि ज्वारीच्या कणगीत दडवायची. किती जण येणार ते कधीच माहीत नसायचं, म्हणून रोज वीस. कुणी आलं नाही तर दुसऱ्या दिवशी घरात सगळ्यांना शिळंच.

तर प्रश्न हे: खऱ्या बंडखोर मंडळांकडे पैसा येतो कुठून? ती आपसांत नक्की कशावरून भांडतात? आणि अर्धे सभासद लांब असताना निर्णय कोण घेतं? वाचायच्या पुस्तकांची यादी नको, प्लीज. ती माझ्याकडे आधीच हातभर आहे.

आळशी उंट

नऊ जण आणि निर्णय? आमच्या सोसायटीत सात जणांना टाकी धुवायचा वार ठरवता येत नाही. वाचतोय.

दप्तरी

उत्तर घरातच आहे. 1689 बघा. संभाजीराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज जिंजीला पोचले, म्हणजे छत्रपती तमिळ मुलखात आणि लढाई सह्याद्रीत. इथला कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे 'हुकमतपन्हा' (राजाच्या वतीनं हुकूम चालवणारा) असा किताब देऊन सोपवला. त्यांच्या जोडीला शंकराजी नारायण, फौजेला संताजी आणि धनाजी. तिकडे जिंजीला प्रल्हाद निराजींसाठी 'प्रतिनिधी' हे पदच नव्यानं काढलं.

आता तुमचा पैशाचा प्रश्न. खजिना रिकामा होता. औरंगजेब देशमुखांना आणि सरदारांना मनसबी-वतनं देऊन फोडत होता. थोरल्या महाराजांचा वतनं वाटण्याला विरोध होता, पण इथे दुसरं द्यायला होतं काय? म्हणून न जिंकलेल्या मुलखाची वचनं दिली गेली. हणमंतराव घोरपड्यांची 1691 ची सनद बघा: रायगड घेतल्यावर इतकं, विजापूर घेतल्यावर इतकं, मग भागानगर (हैदराबाद), औरंगाबाद आणि मोठी रक्कम दिल्ली घेतल्यावर! राजा स्वतः जिंजीत, आणि कागदावर दिल्लीचा हप्ता.

तुमच्या मंडळात मूठ आपटू नका. एकाच खिंडीची सनद दोघांच्या हाती पडू द्या, दोन्हींवर तोच शिक्का.

घाटवाटाड्या

दप्तरींशी सहमत, पण माझी तक्रार आरशांवर आहे. ते फोडा.

रामचंद्रपंतांना प्रत्येक गोष्ट जिंजीला विचारून करता आली असती तर हुकमतपन्हा हवा होता कशाला? पत्राला लागणारा वेळ हीच त्यांची सत्ता. उलटं उदाहरण डच लोकांचं. स्पेनच्या राजाविरुद्ध उठलेल्या प्रांतांनी 1581 मध्ये त्याला राजा मानणंच सोडलं. त्यांच्या मध्यवर्ती सभेत बसणारे प्रतिनिधी मात्र मनानं 'हो' म्हणू शकत नसत. महत्त्वाचा विषय निघाला की आधी आपल्या प्रांताला विचारायचं, प्रांतानं शहरांना विचारायचं. तोवर शत्रू काही थांबत नाही.

आरसा आहे म्हटल्यावर तुमच्या पाटलाला "गावाला विचारून सांगतो" असं म्हणताच येत नाही. खरं तर बैठकीतलं सगळ्यात धोकादायक वाक्य तेच.

दूरदेशी

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, म्हणून इथलं सांगतो. 1777 मध्ये इंग्रजांनी फिलाडेल्फिया घेतलं तेव्हा बंडखोर वसाहतींची काँग्रेस आधी लँकेस्टरला एक दिवस आणि मग यॉर्क नावाच्या लहान गावात जाऊन बसली. फौज उभी केलेली, पण कर बसवायचा अधिकार नाही. 13 राज्यांकडे मागायचं, ती देतील तेव्हा देतील. मग नोटा छापल्या, इतक्या की मार्च 1780 मध्ये काँग्रेसनंच चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा असा हिशेब लावला.

तुमच्या मिठाच्या व्यापाऱ्याला काम देतो: मंडळाचे कागद तो मिठाच्या बदल्यात निम्म्या भावानं विकत घेतोय. गद्दार नाही हं. त्याच्यामुळेच सैनिकांच्या घरी चूल पेटते. पण उद्या युद्ध जिंकलं तर निम्मं पठार त्याचं.

सावकाश

मतदानाला एवढं हिणवू नका. पॅरिस कम्यून, 1871, म्हणजे बंडखोरांनी पॅरिसमध्ये स्थापलेलं सरकार. सगळे मिळून 72 दिवस. बँक ऑफ फ्रान्स शहरातच होती, ती ताब्यात घेतली नाही. रीतसर कर्ज मागत राहिले. आणि 1 मे रोजी सार्वजनिक सुरक्षेची समिती नेमायची का, यावर मोजून मतं पडली: 45 विरुद्ध 23. समितीचं नावच फ्रेंच राज्यक्रांतीतल्या 1793 च्या दहशतीची आठवण करून देणारं, म्हणून अल्पमतवाले बिथरले, पुढे जाहीर निषेध करून बाहेर पडले. महिनाअखेर फ्रान्स सरकारची फौज शहरात शिरून सगळं संपलं होतं.

म्हणजे मतदान चालेल, पण हरलेले चौघे दुसऱ्या दिवशी काय करतात ते दाखवा. तुमचे चौघे पुढच्या प्रकरणात निमूट येऊन बसतात.

दप्तरी

बँकेवरून आठवलं. कोरडीशाई, तुम्ही गावचंच पत्री सरकार का वापरत नाही? 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली, ती गोष्ट सगळे सांगतात. पण माझ्या मते त्यांचं मोठं काम न्यायदान मंडळांचं. सावकारीचे, जमिनीचे तंटे गावातच सुटू लागले. कमी खर्चात लग्नं लावली जायची. लोक कचेरीत जायचे बंद झाले की सरकार आपोआप बदलतं.

आणि नाव बघा. चळवळीनं ठेवलेलं 'प्रति सरकार'. गुन्हेगारांच्या तळपायावर, बैलाला पत्री ठोकावी तसा, मार बसू लागला तसं लोकांच्या तोंडी झालं 'पत्री सरकार'. तुमच्या मंडळाला लोक काय म्हणतात? 'नवांचं मंडळ' असं कुठलीही म्हातारी म्हणणार नाही.

कोरडीशाई

बाप रे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार.

आरसे फोडले. जड मनानं, कारण त्यांच्यावर एक अख्खं प्रकरण खर्ची पडलं होतं. आता खिंडीपलीकडून निरोप यायला आठ दिवस, धुकं असेल तर बारा. बैठकीला तिघंच असतात आणि शिक्का म्होरकीच्या कमरेला. (दप्तरी, दोन सनदांची कल्पना उचललीये, चालेल ना?) व्यापारी आता मला फार आवडायला लागलाय, हे बहुधा बरं लक्षण नाही.

काल नवं पहिलं दृश्य लिहिलं. बांधाचा तंटा घेऊन दोन भाऊ खाणीत येतात. पुजारी थोरल्याच्या बाजूनं, म्होरकी धाकट्याच्या, आणि बाहेर सम्राज्ञीची फौज दोन मजलांवर. पहिल्यांदाच कुणी मूठ आपटली नाही. लोकांनी ठेवलेलं नावही सापडलं: 'खारट सरकार'.

आत्याला फोनवर वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते दोघं भाऊ एवढं चालून आले, त्यांना कुणी पाणी विचारलं का?"

नव्हतं विचारलं. ते आज रात्री घालते.

आळशी उंट

आत्यांना मंडळात घ्या. दहावी जागा.