माऊंटन फिंच नक्की कोणाला म्हणायचं? सिलेमचा फिंच दोन याद्यांत दोन नावांनी

हिमपाखरू:
नमस्कार मंडळी. हिमालय आणि तिबेटच्या पठारावरच्या फिंचची (जाड चोचीचे, बिया खाणारे छोटे पक्षी) यादी करायला घेतलीये आणि एका ठिकाणी पार अडकलोय. माझ्याकडच्या जुन्या फील्ड गाईडमध्ये तीन माऊंटन फिंच दिलेत, प्लेन, ब्रँड्ट्स आणि सिलेम्स, तिघंही ल्युकोस्टिक्टे या जीनसमध्ये (जवळच्या स्पीशीजचा गट). नवीन चेकलिस्ट उघडली तर तिथे सिलेम्स रोझफिंच आणि जीनस कार्पोडेकस! अहो जो पक्षी अगदी ब्रँड्ट्ससारखा मातकट, अंगावर गुलाबीचा टिपूस नाही, तो रोझफिंच कसा काय? शिवाय ब्रँबलिंगलाही कुठेकुठे माऊंटन फिंच म्हणतात, स्नोफिंच आणखी वेगळेच. यातलं कोण कोणाचं लागतं?

चोचपुराण:
नवीन चेकलिस्ट बरोबर आहे. या पक्ष्याची गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९२९ साली नेदरलँड्सची काराकोरम मोहीम गेली होती, त्यात सिलेम यांनी अक्साई चीनच्या बाजूला ५,००० मीटरच्या वर दोन पक्षी मिळवले, एक प्रौढ नर आणि एक पिल्लू. ते ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात ब्रँड्ट्स म्हणून लेबल लावून ठेवले गेले आणि साठ वर्षं कोणाला काही शंकाच आली नाही. मग पक्षीशास्त्रज्ञ रोसेलार यांनी ते बारकाईने तपासले आणि १९९२ मध्ये नवी स्पीशीज जाहीर केली. त्यातल्या नराचं डोकं दालचिनीसारखं तपकिरी होतं, ब्रँड्ट्सचा चेहरा काळपट असतो. बाकी पुरावा काय तर तेच दोन नमुने, त्यामुळे कोणी मानायचं कोणी नाही. २०१२ मध्ये पक्षीनिरीक्षक यान म्यूझिका यांना चीनच्या छिंगहाईमध्ये, मूळ जागेपासून कितीतरी लांब पूर्वेला, जिवंत पक्षी दिसले आणि फोटोही मिळाले. आणि २०१६ मध्ये डीएनए तपासला तर सगळ्यात जवळचा नातेवाईक निघाला रोबोरोव्स्कीचा रोझफिंच, जो त्याच पठारावर राहतो आणि ज्याच्या नराचं डोकं चांगलं गडद लाल असतं.

गुलाबी रंगाचं म्हणाल तर रंगावर नातं ठरवणं फिंचमध्ये फार वेळा फसलंय. पिसांचा रंग उत्क्रांतीत पटकन बदलतो, आणि एकाच प्रकारच्या उजाड, थंड पठारावर राहणारे लांबचे पक्षीही एकमेकांसारखे दिसायला लागतात.

रानवाट७:
याची उलट केसही आहे बघा. डार्क-ब्रेस्टेड रोझफिंच आधी कार्पोडेकसमध्येच होता, डीएनएनंतर तो बाहेर काढून प्रोकार्डुएलिसमध्ये टाकला, म्हणजे तो ल्युकोस्टिक्टे आणि बुलफिंचच्या बाजूचा. नावात रोझफिंच अजून तसंच. थोडक्यात माऊंटन फिंच म्हणवणारा रोझफिंच निघाला आणि रोझफिंच म्हणवणारा रोझफिंच नाहीच!

ब्रँबलिंगचं शास्त्रीय नाव फ्रिंजिला मोंटिफ्रिंजिला, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच डोंगरातला फिंच. तो चॅफिंचचा भाऊबंद, ल्युकोस्टिक्टेपासून बराच लांब. स्नोफिंचच्या एका जीनसचं नावही मोंटिफ्रिंजिला, पण ते तर फिंचसुद्धा नाहीत, चिमणीच्या फॅमिलीतले आहेत.

हिमपाखरू:
वा, दोघांचेही मनापासून आभार, सिलेमची गोष्ट तर मला अजिबात माहीत नव्हती. म्हणजे आता आपल्याकडे खरे ल्युकोस्टिक्टे दोनच राहिले, प्लेन आणि ब्रँड्ट्स, बरोबर ना? ते लांबून कसे ओळखायचे?

उंचघारी:
हिमालयात दोनच. बाकीचे ल्युकोस्टिक्टे म्हणजे एशियन रोझी फिंच आणि उत्तर अमेरिकेतले तीन रोझी फिंच. त्यांच्यातही गोंधळ झालाय, १९८३ ला अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांच्या यादीत सगळ्यांना एकच स्पीशीज केलं आणि १९९३ ला परत वेगळे केले.

ओळखायचं तर प्लेनच्या पाठीवर ठळक रेघा, डोळ्यावर फिकट भुवई आणि पंखावर फिकट पट्ट्या, एकटा दिसला तर चिमणीची मादी वाटते. ब्रँड्ट्स मोठा, राखाडी, पाठ जवळजवळ साधी आणि उन्हाळ्यात नराचा चेहरा व कपाळ काळपट. दोघंही थव्याने असतात, प्लेनचा थवा उडाला की सगळे एकदम वळतात आणि पुन्हा जवळपास त्याच उतारावर उतरतात, त्यामुळे घाई न करता एका जागी बसून राहिलात तर पाठीवरच्या रेघा नीट बघायला मिळतील.



हिमपाखरू:
यादीत दुरुस्ती केली. सिलेम आता रोबोरोव्स्कीच्या शेजारी.