मदत हवी आहे: चिकणमातीत ठोकलेल्या पाईलची (पायाच्या खांबाची) लोड टेस्ट, म्हणजे भार पेलण्याची चाचणी, किती दिवसांनी घ्यावी?

नमस्कार मंडळी. सोलापुरात होटगी रोडच्या बाजूला नाल्याकाठी एका शेडचं काम चालू आहे. वर काळी माती, खाली ओली चिकणमाती, मुरूम बराच खोल. म्हणून ३०० मिमीच्या प्रीकास्ट (आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटच्या) पाईल ठोकतोय. (अंडररीम, म्हणजे तळाशी फुगवटा असलेली पाईल, सुचवू नका, डिझायनरने आधीच नाही म्हटलंय.)

ठोकताना पाईल लोण्यात सुरी जावी तशी उतरते. दुसऱ्या दिवशी त्याच पाईलवर घाव घातला तर जेमतेम हलते. कारण माहीत आहे: ठोकताना माती कालवली जाते, तिच्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पकड सुटते, दाब ओसरला की माती पुन्हा आवळते. पाईल जाड तितका वेळ जास्त, तोही व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेळेनुसार पाईलची भार पेलण्याची क्षमता किती वाढते हे सांगणाऱ्या स्कोव्ह आणि डेन्व्हर यांच्या १९८८ च्या सूत्रात चिकणमातीसाठी ०.६ हा गुणांक धरला, तर पहिल्या दिवशीच्या क्षमतेच्या ७ दिवसांनी दीडपट, २८ दिवसांनी १.८७ पट येते.

पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली, अर्धी कोरडी. तिथे हे सूत्र चालेल का? घट्ट मातीत क्षमता उलट घटू शकते, ती भीती वेगळीच. ठेकेदार आठवड्यातच टेस्ट उरकायला बघतोय. सोलापूर, मंगळवेढा भागात कुणी रीस्ट्राईक (काही दिवसांनी त्याच पाईलवर पुन्हा घाव घालून चाचणी) घेतली असेल तर आकडे सांगा, प्लीज.