शिवाजी महाराजांचं १९९९चं दोन रुपयांचं नाणं: किंमत किती?

कोथरूडकर: आजोबांच्या डब्यात १९९९ची शिवाजी महाराजांची अकरा बाजूंची दोन-रुपयाची नाणी निघाली. ऑनलाइन एकजण लाखभर देतो म्हणतो, आधी 'नोंदणी फी' भरा म्हणे. खरं असेल का?

नाणेसंग्राहक_पेठेतला: एक पैसाही भरू नका! अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१मध्येच इशारा दिलाय. ही नाणी चलनासाठी पाडलेली, रोजच्या व्यवहारात फिरलेली. हाताळून गुळगुळीत झालेल्या नाण्याला लाख कुठून येणार? आता भिंग घ्या आणि सालाखाली टांकसाळीची, म्हणजे नाणी पाडणाऱ्या कारखान्याची, खूण बघा: पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. संग्राहक साल, टांकसाळ आणि अवस्था पाहूनच भाव करतो. महाराजांच्या जिरेटोपाची नक्षी तीक्ष्ण असेल तर ते नाणं वेगळं काढा. आणि कृपा करून चिंच-लिंबाने घासू नका, मूळची झळाळी गेली की गेलीच.

कोथरूडकर: आई आजच पितांबरी घेऊन बसणार होती, थांबवलं. शंभर रुपयांचं एक जाड नाणंही आहे, डबीतलं.

नाणेसंग्राहक_पेठेतला: ते चलनातलं नाही, टांकसाळीने संग्राहकांना विकलेलं. ३५ ग्रॅम भरलं तर बहुधा निम्मी चांदी. डबी, कागद जपा. रविवारी जुन्या बाजारात दाखवा, पण लगेच विकू नका.