बाळाला अंगावर बांधायची झोळी घरी शिवायची आहे, आजीचं इरकल लुगडं कापू का?

राजारामपुरीकर_सून
नमस्कार, माझं बाळ परवा तीन महिन्यांचं झालं, वजन 5.6 किलो, दिवस पूर्ण भरून झालेलं. आम्ही कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, त्यात बाबागाडी घेऊन महाद्वार रोडला जायचं म्हणजे काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे, अर्धा वेळ गाडी उचलूनच चालायचं. म्हणून ती अंगावर बांधायची झोळी, स्लिंग म्हणतात ती, घरीच शिवावी म्हणतेय. मशीन आहे, साधं सरळ शिवता येतं, ब्लाऊज येत नाही.
प्रश्न असा की नेटवर चार प्रकार दिसले, दोन रिंगांचं, पिशवीसारखं पाऊच, लांब गुंडाळायचं रॅप आणि चार पट्ट्यांचं मेई ताई. शिवायला सोपं कुठलं आणि वापरायला बरं कुठलं? आणि आजीचं एक जुनं नऊवारी इरकल ट्रंकेत आहे, चाळीसेक वर्षांचं तरी असेल, मऊ तर असं झालंय की बस. ते कापून केलं तर? आजी म्हणते, "काप की, तुझी आई असल्याच लुगड्यात पाठीवर बांधून शेतात नेलीया." पण आईचं तोंड बारीक झालं.
आणि हो, अहो म्हणतायत की झोळी झाली की बाळाला घेऊन ॲक्टिव्हावरून रंकाळ्याला जाऊ. चालेल ना?

शिलाई_काकू
पोरी लुगडं कापू नको. मायेचं सोड, कापडाचं बोलतो. चाळीस वर्षांचं सुती लुगडं मऊ लागतं म्हणजे सूत झिजलंय. खिडकीसमोर उजेडात धरून बघ, जिथं विरळ दिसंल तिथं दोन्ही हातांनी ताण दे, चर्रर्र आवाज आला तर विषय संपला. दुसरं म्हणजे इरकलचं अंग सुती आणि पदर रेशमी, ते दोन वेगळे ताणे मागावर एकमेकांत अडकवून जोडलेले असतात, टोपे तेनी म्हणतात त्याला. दिसायला देखणं असतंय पण तो सांधा बाळाच्या वजनाखाली आला तर मी तरी रात्री झोपणार नाही.
आजीनं बांधलं तेव्हा ते लुगडं नवं, अंगावरचं रोजचं होतं, हे बी बघ.
आता प्रकार. तुला ब्लाऊज येत नाही म्हणतीस तर रिंगवालं कर. पाऊच शिवायला सगळ्यात सोपं, पण ते एकाच माणसाच्या मापाचं होतं, खांद्यापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत मोजून बेतायचं, आणि बाळंतपणानंतर तुझं अंग उतरलं की ते ढिलं. नवऱ्याला तर बसणारच नाही. मेई ताई चांगलं पण त्यात पट्ट्या मधल्या कापडात खोल घालून चौकोन आणि आत फुली अशी शिलाई मारावी लागते, तीन-चार थर एकदम, घरच्या मशीनची सुई मोडती. रॅपला शिलाईच नाही, साडेचार मीटर लांब कापड आणि कडा मुडपल्या की झालं, पण कोल्हापूरच्या मे महिन्यात अंगाभोवती तीन फेरे घेऊन बघ म्हणजे कळंल.

पुण्याहून_वाचतेय
माफ करा, तुम्ही काकू की काका? "बोलतो" लिहिलंय म्हणून विचारलं 😅

शिलाई_काकू
काकूच हाय. आमच्याकडं बायका बी जातो येतो म्हणतात, त्यात काय.
कापड सांगायचं राहिलं. गांधीनगरच्या कापड बाजारात जा नाहीतर इचलकरंजीचं कोण ओळखीचं असेल तर थेट तिकडून आण. साधं सुती, घट्ट विणीचं, अजिबात न ताणणारं, 180 ते 220 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) आसपास. बेडशीटपेक्षा जाड आणि जीनपेक्षा पातळ असं हाताला लागलं पाहिजे. लायक्रा मिसळलेलं, होजिअरी नको, रिंगमधनं सरकतंय. सव्वादोन मीटर लांब, 70 ते 75 सेंमी रुंद पुरे, तू अंगानं भरलेली असशील तर अडीच मीटर. आणल्या आणल्या दोन-तीनदा गरम पाण्यात धू, आटायचं ते आधी आटू दे आणि रंग जायचा तो जाऊ दे, कारण तीन महिन्याचं बारकं पट्टा तोंडात घालणारच.
शिवायचं असं. लांबीच्या दोन्ही कडा मुडपून घे, काठ असेल तर तेवढं पण नको. एका टोकाला बारीक चुण्या घाल, पाच-सहा, ते टोक दोन्ही रिंगांतून एकदम ओवून वीतभर मागं दुमड आणि आडव्या तीन शिलाया मार, तिन्ही वेगळ्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. टाका बारीक ठेव, अडीचवर. सुरुवातीला आणि शेवटी उलट टाका. दोरा पॉलिस्टरचा, सुती नको, तो कुजतो. आणि दोरा कापडाच्या रंगाचा घेऊ नको! लाल कापडाला पिवळा घे. शोभेसाठी नाही सांगत, एक टाका जरी उसवला तर लांबनं दिसला पाहिजे.

दोन_पोरांची_आई
काकूंनी सगळं सांगितलं पण रिंगांचं सांगितलं नाही आणि तिथंच मी फसले होते. पहिल्या मुलीच्या वेळी पिशव्या-पट्ट्यांचं सामान मिळतं अशा एका दुकानातून गोल लोखंडी रिंगा आणल्या, चकचकीत, दिसायला दणकट. जोड होता त्यांना, म्हणजे तार वाकवून दोन टोकं नुसती टेकवलेली. नशीब म्हणा की घरीच होते, गादीवर बसून बांधत होते, जोड फाकला आणि कापड सटकन् खाली. पोरगी गादीवर पडली, रडली पण नाही, रडले मी.
तर रिंग बिनजोडाची पाहिजे, ॲल्युमिनियमची किंवा चांगल्या जाड नायलॉनची, आतून साधारण तीन इंच. स्लिंगसाठी म्हणून वेगळ्या विकल्या जातात, ऑनलाइन मागव. बोट फिरवून बघायचं, कुठं खाच लागली की परत.
आणि शिवून झालं की आधी बाळ घालायचं नाही. मी दुसऱ्या वेळी घनसाळ तांदळाची दहा किलोची पिशवी घालून घरभर फिरले, सासूबाई म्हणाल्या डोकं फिरलंय हिचं. फिरू दे.

वॉर्डातली_ताई
मी नर्स आहे, बारा वर्षं नवजात बाळांच्या विभागात. शिलाईतलं मला कळत नाही पण बाळ आत कसं बसवायचं यावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.
आपल्याकडे झोळी म्हटलं की बाळ आडवं, बोचक्यासारखं वळून निजलेलं असंच डोळ्यासमोर येतं. छताला टांगलेली झोळी वेगळी आणि अंगावरची वेगळी. लहान बाळाची मान जड असते, आडवं गोल वळलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची नळी दबते, बाळ रडत सुद्धा नाही, आवाज न करता गुदमरतं. 2010 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने याबद्दलच इशारा दिला होता, विशेषतः चार महिन्यांखालच्या बाळांसाठी. तुझं तीनचं आहे म्हणून मुद्दाम सांगते.
उभं धर. पोट तुझ्या छातीला, बेडकासारखे पाय, गुडघे बुडापेक्षा वर, कापड एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागेपर्यंत. पाय सरळ लोंबते ठेवले तर खुब्याचा सांधा वाटीत नीट बसत नाही. मान खाली न घालता तुला त्याच्या टाळूचा पापा घेता आला पाहिजे, एवढं वर. चेहरा कायम दिसला पाहिजे, पदर टाकून झाकायचं नाही, दृष्ट लागते म्हणून सुद्धा नाही. आणि हनुवटीखाली तुझी दोन बोटं सहज गेली पाहिजेत.
बाळ दिवस न भरता किंवा कमी वजनाचं झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आमच्याकडे अशा बाळांना कांगारू केअर देतो, आईच्या छातीवर कातडीला कातडी लावून. ती पद्धत 1978 ला कोलंबियात बोगोटाला सुरू झाली, तिथे काचेच्या पेट्याच पुरत नव्हत्या म्हणून. पण ते नर्सच्या नजरेखाली असतं, भाजी आणायला जाताना नाही.

ॲक्टिव्हावाला_बाबा
अहोंच्या प्रश्नाला मी उत्तर देतो कारण मीच हा शहाणपणा करून बसलोय. स्लिंग घालून बायको मागं आणि बाळ आमच्या दोघांच्या मधे, सँडविच. खड्ड्यात गाडी आपटली आणि बाळाचं नाक माझ्या पाठीवर. त्या दिवसापासून बंद. 2022 ला केंद्रानं मोटार वाहन नियमात बदल केला, चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर चालवणाऱ्याला जोडलेला सेफ्टी हार्नेस पाहिजे, वेग 40 च्या आत, आणि नऊ महिन्यांपासून पुढं हेल्मेट. स्लिंग म्हणजे हार्नेस नव्हं भावा. तीन महिन्यांच्या बाळाच्या मानेला तर कुठलाच हार्नेस चालत नाही. रिक्षा कर, रंकाळा कुठं पळून जात नाही.

दोन_पोरांची_आई
आणि गॅसजवळ नको! फोडणी देताना समोर बाळ बांधलेलं, मोहरी उडती. वाकताना पण कमरेत नाही, गुडघ्यात वाकायचं, एक हात बाळाच्या पाठीला.

राजारामपुरीकर_सून
सगळ्यांचे खूप आभार 🙏 अपडेट देते. लुगडं उजेडात धरलं, काकू म्हणाल्या तसंच, निऱ्यांच्या जागी चाळण झालीय. गांधीनगरहून अडीच मीटर हिरवं कापड आणलं, तीनदा धुतलं, रिंगा ऑनलाइन, दोरा पांढरा. तांदळाच्या पिशवीला अख्ख्या सोसायटीनं पाहिलं. काल अंबाबाईला गेले, रांगेत सव्वा तास, बाळ पूर्ण वेळ झोपलं आणि पुढच्या-मागच्या सगळ्या बायकांनी "श्वास येतोय का गं त्याला" विचारलं, मी प्रत्येकीला हनुवटी दाखवली.
लुगड्याची आजी वाकळ शिवतेय, पदर न कापता मधोमध घेणार म्हणे. आई खूश.
एकच अडचण, रिंगा चालता चालता खाली छातीवर येतात.

शिलाई_काकू
बांधतानाच वर धर, खांद्याच्या जवळ, हासळीच्या वर. बाळाचं वजन पडलं की दोन बोटं खाली येतातच. आणि शेपटाचं, म्हणजे रिंगांतून ओवून खाली लोंबणारं कापड सगळं एकदम ओढू नको, वरची कड वेगळी ओढ, खालची वेगळी, मधलं वेगळं. तरी सरकलं तर कापड गुळगुळीत घेतलंयस. फोटो टाक.