खाजकुयली की खाजकोलती? बांधावरचा वेल कसा ओळखावा

प्रश्न (किनवट परिसर):
जंगलालगतच्या आमच्या बांधावर यंदा पावसाळ्यात एक वेल पसरला असून त्याचा नुसता स्पर्श झाला तरी अंगाची आग होते. गावात काही जण त्याला खाजकुयली म्हणतात, तर काही खाजकोलती. त्यावर शेंग एकही दिसत नाही. तूर काढणीला मजूर महिला येतील, त्याआधी तो काढायचा आहे. तेव्हा ही वनस्पती नेमकी कोणती?

प्रतिसाद १:
शेंगा नसताना पानांनीच आग होत असेल, तर ती खाजकुयली नव्हे. खाजकुयली घेवड्याच्या कुळातली. तिचे पान तीन पर्णिकांचे, फुले जांभळी आणि लोंबत्या घोसांची असतात. तिचा त्रास होतो तो वाकड्या शेंगेवरील तपकिरी लवेमुळे, कारण त्या लवेत म्यूकुनेन नावाचे प्रथिने तोडणारे विकर असते. खाजकोलती मात्र एरंडाच्या कुळातली आहे. तिच्या पानांच्या कडा दातेरी, फळ तीन कप्प्यांचे, आणि पानाखोडावरील केसांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचा सुईसारखा स्फटिक असतो, जो स्पर्श होताच कातडीत घुसतो. पान आणि फळ पाहून कळवावे.

प्रतिसाद २:
वरील माहितीला एक जोड देतो, कारण काढणीच्या दिवसांत हाच फरक महत्त्वाचा ठरतो. खाजकोलती हात लागल्याखेरीज त्रास देत नाही. खाजकुयलीची शेंग हिवाळ्यात वाळली की तिची लव वाऱ्यानेही उडते आणि कपड्यांत अडकून राहते. म्हणून ती शेंग धरण्यापूर्वीच कापावी. लव अंगावर पडल्यास चोळू नये, चिकटपट्टीने उचलून घ्यावी, मग अंग धुवावे आणि कपडे वेगळे धुवावेत. डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

प्रतिसाद ३:
खाजकुयली निघाली, तरी माणसांचा वावर नसलेल्या कडेला ती राहू द्यावी, अशी माझी विनंती आहे. आयुर्वेदातील कपिकच्छू ती हीच. तिच्या बियांत लेव्होडोपा असते, आणि कंपवातावर आजही हेच द्रव्य देतात. मात्र बिया स्वतःच्या मनाने खाऊ नयेत.

प्रश्नकर्ता:
पाने दातेरी आहेत व फळ तीन कप्प्यांचे आहे. म्हणजे ही खाजकोलतीच. जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून तिची मुळे कुदळीने खणून काढतो, आणि मजुरांना तो बांध आधीच दाखवून ठेवतो.